येतो म्हण

५ जानेवारी, सोमवार

आज फाटक बसवलं. मला कोणी विचारलं नाही.

ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. टेम्पो आला, माणसं उतरली आणि पुढची कुडाची भिंत पाडायला लागली. म्हटलं, कोणाचं घर समजून पाडताय? तर कुंदन पुढे झाला. कुंदन म्हणजे माझ्या मुलाच्या, कमळाकरच्या, ऑफिसातला, माझी व्यवस्था बघायला दिल्लीहून पाठवलेला. पांढरा शर्ट, कानात बटण, बोलणं लोण्यासारखं. "आईसाहेब, साहेबांचे आदेश आहेत. तुमच्या सिक्युरिटीसाठी आहे सगळं."

आईसाहेब! जन्मभर मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलं, तेव्हा 'ए बाई' च्या पुढे कोणी गेलं नाही. आता पोरगा पक्षाचा अध्यक्ष झाला, रोज टीव्हीवर दिसतो, पुढचा पंतप्रधान हाच म्हणतात. मग त्याच्या आईच्या घराला फाटक पाहिजे. बरं. असू दे.

ही डायरीसुद्धा पक्षाचीच. दर महिन्याला वर कमळ्याचा फोटो, हात जोडलेला. कोरी टाकवेना म्हणून लिहायला घेतली. शाळा चौथीपर्यंतच, पण गुरुजींनी छडीने शुद्ध शिकवलं. म्हणून बोलते आगरी आणि लिहिते शाळेतलं. वाचणारं कोणी नाही ते एक बरं.

६ जानेवारी

भामाला फाटकावर आधार कार्ड मागितलं.

भामा आणि मी एकाच वर्षी या गावात लग्न होऊन आलो. तिने त्या शैलेशला, म्हणजे फाटकावरच्या पोलिसाला, असं झाडलं की आळीतल्या कोंबड्या पळाल्या. "आदार कारड? हिच्या बालंतपनाला मी व्हती. तुजा सायेब माज्या हातात रडला पयला. त्याला इचार माजा कारड!"

सोडलं तिला आत. चहा केला. हसून हसून माझ्या पोटात दुखलं, पण ती हसत नव्हती. फाटकाकडे बघत बसली होती. म्हणाली, "गुना, ही राखन तुजी हाय, का तुज्यावर हाय?"

मी म्हटलं, चहा पी.

९ जानेवारी, शुक्रवार

माझं चरित्र करणार आहेत म्हणे. ते पण लिहून नाही, माझ्या आवाजात. रिया नावाची मुंबईची मुलगी आली होती. चष्मा, आखूड केस, गोड बोलणारी. माझ्यापुढे काळी दांडी उभी केली आणि म्हणाली, आजी, बोला.

बोलले. मिठागरातल्या खाऱ्या पाण्याने पायाला भेगा पडायच्या ते सांगितलं. कमळ्याला मिठाच्या ढिगावर बसवून पाढे म्हणायला लावायचे ते सांगितलं. मग ती म्हणाली, आजी, आता हसा. रागवा. कुजबुजा. आकडे म्हणा. आजूबाजूच्या गावांची नावं म्हणा. म्हटलं, चरित्रात आकडे कशाला गं? म्हणे, सेटिंगसाठी. मला काय, म्हटले. पनवेल, नेरे, तळोजा, उरण, द्रोणागिरी. रागवायला सांगितलं तेव्हा कोंबडीला हाकलते तशी ओरडले. ती खूश.

"साहेबांना लहानपणी काय आवडायचं?" मी ठोकून दिलं, जवळ्याची चटणी. साफ खोटं. जवळा भाजायला घेतला की हा नाक धरून घराबाहेर पळायचा. पण मिठागरवालीच्या पोराला काय श्रीखंड आवडायचं म्हणून सांगू?

"आजोबांचं नाव काय?" मी दारावरच्या पाटीकडे बोट केलं. म्हटलं, वाच.

निघताना म्हणाली, "चला आजी, जाते मी." फाटकापर्यंत पोचली होती, तिथून परत बोलावलं. म्हटलं, येते म्हण. हसली. "सॉरी आजी. येते." का म्हणून विचारलं तिने. मी म्हटलं, तसं म्हणू नये, बस.

ते मी तिच्या दांडीला सांगितलं नाही. ते आमच्या दोघांतलं आहे, माझं आणि कमळ्याचं.

तो तिसरीत होता. हे जेवत होते. खाडीचा बांध फुटला म्हणून बाहेरून कोणीतरी ओरडलं. उधाणाची भरती होती. हे ताटावरून तसेच उठले, कुदळ घेतली आणि दारातून म्हणाले, "जातो गं." रोज येतो म्हणायचे. त्या दिवशी घाईत जातो म्हणाले. कमळ्या उंबऱ्यावर बसला होता, त्याने ऐकलं. दुसऱ्या दिवशी खाडीतून आणलं त्यांना.

त्यानंतर या घरात तो शब्द नाही. पोरगा कोणाला म्हणू द्यायचा नाही. पोस्टमनचा सदरा धरून उभा राहायचा, येतो म्हण म्हणून. आज एवढा मोठा झाला, लाखोंच्या सभा करतो, पण मंचावरून उतरताना हात जोडून "येतो" म्हणतो. लोकांना वाटतं त्याची स्टाईल आहे. टाळ्या वाजवतात.

११ जानेवारी, रविवार

आजचा दिवस सोन्याचा!

सकाळी कुंदनने माझा जुना फोन काढून घेतला. सेफ नाही म्हणे. नवीन दिला. त्यावर एकच हिरवं बटण. म्हणाला, साहेब दर रविवारी संध्याकाळी स्वतः फोन करणार. मी मनात म्हटलं, हो, करतोय. दिवाळीला एकदा करतो, तो पण मागून सून ढकलते तेव्हा.

पण आला! "आई, जेवलीस का?" कमळ्याचाच आवाज. गुडघ्याचं विचारलं, झोपेचं विचारलं, भामाचं विचारलं. कधी नव्हे तो घाईत नव्हता. मध्ये कोणी 'सर, सर' करत नव्हतं. मी बोलत राहिले आणि तो ऐकत राहिला. काळजी घे म्हणाला.

आई म्हणाला, हे जरा लागलं. आमच्यात आये म्हणतात, तोही आयेच म्हणायचा. दिल्लीने त्याच्या आयेची आई केली. जाऊ दे. फोन केला ना.

१४ जानेवारी

संक्रांत. भामाने पोपटी लावली होती, वालाच्या शेंगांची, भांबुर्डीचा पाला घालून. मडकं घेऊन आली तर फाटकावर शैलेशने ते उलटं केलं, आत काय आहे बघायला. शेंगा मातीत. तो बिचारा पण ओशाळला. म्हणाला, "आजी, वरून ऑर्डर हाय." आम्ही दोघींनी शेंगा पुसून खाल्ल्या.

पाठोपाठ आळीतल्या बायका आल्या. गप्पांना नाही, कामाला. गावाचं सामाईक मिठागर कंपनीला हवंय. तिथे द्रोणागिरीसारखी गोदामं होणार. मिठागराला लागून स्मशान आहे, तेही जाणार. गावाने ठराव दिला तरच होईल, आणि ग्रामसभा आहे १६ फेब्रुवारीला. गाव नाही म्हणतं.

"गुनाकाकी, तुजा पोरगा दिल्लीत बसलाय. एक शबूद टाक त्याच्याकडं."

मी म्हटलं, टाकते. त्या स्मशानात ह्यांना अग्नी दिलाय. मी जिवंत असेपर्यंत माझ्या तोंडून 'द्या' निघणार नाही. तसं वचनच दिलं बायकांना.

१८ जानेवारी, रविवार

सांगितलं कमळ्याला. म्हणाला, "गावाच्या भल्याचंच होईल आई. तू काळजी करू नको." तेच दोनदा म्हणाला. मोठ्या माणसांना असं सांभाळून बोलावं लागत असेल.

मग आपणहून म्हणाला, "मिठाच्या ढिगावर बसवून तू पाढे घ्यायचीस, आठवतं?" माझ्या डोळ्यात पाणी. मला वाटायचं विसरला सगळं. आणि म्हणतो, "तुझ्या जवळ्याच्या चटणीची आठवण येते गं." मला हसूच फुटलं. उतारवयात माणसाच्या जिभेला काय आवडायला लागेल सांगता येत नाही. आला की करून घालीन.

२२ जानेवारी

रियाचं काम संपलं. "येते आजी," म्हणून गेली. शहाणी पोर.

२७ जानेवारी, मंगळवार

वारा फिरलाय. तळोजाच्या कंपन्यांचा वास सकाळपासून घरात बसलाय. डोकं दुखतंय.

कुंदनने डॉक्टर आणला. प्रेशर आहे म्हणे. फाटकाबाहेर पडायचं नाही, माणसं कमी भेटायची, एक गोळी सकाळी आणि एक रात्री. कुंदन म्हणतो, नेऱ्याला साहेबांच्या ओळखीचं फार्महाऊस आहे, डोंगराची हवा, तिथे राहा महिना दोन महिने. मी म्हटलं, मला हलवायचं तर खाटेसकट हलवा. हसला तो. मला नाही हसू आलं.

डॉक्टरबरोबर दोन माणसं होती, ती घराची मापं घेत होती. चूल कुठल्या कोपऱ्यात होती विचारलं, ह्यांचा फोटो कुठल्या खिळ्याला असतो ते लिहून घेतलं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, नंतर हे सगळं असंच्या असं ठेवायचंय.

मी विचारलं, नंतर म्हणजे कधीनंतर?

त्याने टेप गुंडाळली आणि परसात गेला.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज कोणी आलं नाही. कालही नाही.

दुपारी ओटीवर बसले. बाजाराला निघालेल्या बायका फाटकासमोरून गेल्या. मी हाक मारली. पाण्याच्या टाकीकडे बघत गेल्या. ऐकू गेलं नाही असं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

भामा मागच्या दाराने आली, केळीतून. आली ती बसलीच नाही. पदर कमरेला खोचलेला. म्हणाली, "तुना लाज नाय वाटली?"

म्हटलं, काय झालं ते तरी सांग.

तिने नातवाचा मोबाईल आणला होता. गावातल्या सगळ्यांच्या फोनवर आलंय म्हणे. लावलं. आणि त्यातून मीच बोलायला लागले!

"माझ्या गावातल्या लेकीबाळींनो, मी तुमची गुणाबाई बोलते. मिठागराने आपल्याला काय दिलं? पायाच्या भेगा. आता चांगले दिवस येतायत. माझे पती ——" इथे ह्यांचं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी इथे रेघ ओढली आहे. "—— यांचीही हीच इच्छा असती. ग्रामसभेत हात वर करा. मिठागर द्या."

माझाच आवाज. माझा खोकलासुद्धा. मी भिंतीला धरून खाली बसले. म्हटलं, भामा, मी नाही बोलले हे. ह्यांच्या राखेची शपथ.

ती उभीच. मग तिने ते परत लावलं. ह्यांचं नाव आलं तिथे थांबवलं. परत लावलं. तिचा चेहरा बदलला.

"गुना," म्हणाली, "तू नाव घेतलास?"

सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी त्यांचं नाव घेत नाही. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी कोंडून ठेवलं, जेवण गार झालं, रडले पण घेतलं नाही. शिरगणतीवाला आला तेव्हा शेजारच्या पोराला हाक मारून त्याच्याकडून सांगवलं. ते गेल्यावरही घेतलं नाही. कोणी म्हणतं हट्ट, कोणी म्हणतं खुळ. असेल. ते नाव माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही, ते आतच आहे.

भामा माझ्याशेजारी जमिनीवर बसली. माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "मग ह्या कोन बोलतंय तुज्या तोंडानं?"

५ फेब्रुवारी

दिपिका सांगते, असं करता येतं.

दिपिका म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तळोजाला कंपनीच्या ऑफिसात आहे. मधल्या भिंतीवरून उडी मारून आली, साडी नाही नेसत ते एक बरं. म्हणाली, "काकी, ती मुलगी तुमच्याकडून आकडे, राग, हसू सगळं घेऊन गेली ना? त्यावरून कॉम्प्युटर तुमचा आवाज बनवतो. मग तुम्ही काय बोलायचं ते दुसरा ठरवणार."

"आणि लोकांना कळत नाय?"

"कसं कळणार? आता तर समोरच्याशी गप्पा पण मारतो. आपण विचारलं की उत्तर देतो. बँकेचे फोन नाही का येत, बाई बोलते आणि बाई नसतेच."

काय एकेक काढतात. माणूस मेल्यावर भूत बोलतं ऐकलं होतं. इथे जिवंतपणीच.

एक गोष्ट मात्र मला पक्की ठाऊक आहे. कमळ्याला यातलं काही माहीत नसणार. कुंपणानेच शेत खाल्लंय. त्याच्या पाठीमागे हा कुंदन उद्योग करतोय. कळलं तर सोलून काढील त्याला.

७ फेब्रुवारी, शनिवार

चूक केली. मोठी चूक.

डॉक्टर तपासायला आला होता, तेव्हाच कुंदनला समोर बोलावून विचारलं. तो शांत. "आईसाहेब, तुम्हीच बोललात. रियाने रेकॉर्ड केलंय. आठवत नाही का?" आणि डॉक्टरकडे बघून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. फर्गेट फर्गेट एवढं कळलं मला. डॉक्टरने मान हलवली, आणखी एक गोळी लिहिली. म्हणजे मी विसरायला लागले. म्हातारी भ्रमली. कागदोपत्री!

संताप झाला. उचलली जीभ. म्हटलं, अरे मूर्खा, त्यात माझ्या मालकांचं नाव आहे. मी जन्मात ते घेतलेलं नाही. अख्खं गाव सांगेल.

कुंदनला आधी समजलंच नाही. "म्हणजे? नाव घेत नाही म्हणजे?" मी समजावून सांगितलं. नीट, उदाहरणं देऊन. त्याने मोबाईल काढला आणि लिहून घेतलं. म्हणाला, "थँक यू, आईसाहेब."

८ फेब्रुवारी, रविवार

फोन आला नाही. साहेब दौऱ्यावर आहेत म्हणे. पाचपासून अंधार पडेपर्यंत ते यंत्र मांडीवर घेऊन बसले.

गोळ्या घेत नाही मी. जिभेखाली धरते आणि मोरीत टाकते. घेतली की दिवसभर झापड येते.

९ फेब्रुवारी, सोमवार

नवा निरोप फिरतोय गावात. तोच, माझ्याच आवाजात. फक्त आता मी म्हणते, "आमच्या मालकांचीही हीच इच्छा असती."

दुरुस्त केलं. मीच दुरुस्त करून दिलं.

दिपिका म्हणाली, "काकी, कशाला सांगितलंत त्याला? तुम्ही जे बोलाल ते सगळं तिकडे जातं." रागावली नाही, पण बोलली. आता काहीजण म्हणतात, बघा, मालक म्हणाली, म्हणजे गुणाबाईच. जुना निरोप लोकांच्या फोनातून आपोआप नाहीसा झालाय म्हणे. भामाच्या नातवाच्या फोनात पण नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जुना निरोप आहे. दिपिकाने पहिल्याच दिवशी काढून वेगळा ठेवला होता. पोरीला डोकं आहे.

आज तिने माझं खरं बोलणं पण घेतलं. चेहऱ्यासकट, फोनवर. मी म्हटलं, मी गुणा. मिठागर देऊ नका. तो निरोप माझा नाही. ग्रामसभेला मला सोडणार नाहीत. शैलेशला विचारून बघितलं, तो खाली बघत म्हणाला, "सोमवारी तर अजिबात नाय, आजी." म्हणून दिपिका सभेत उभी राहून आधी जुना निरोप लावणार, मग माझं बोलणं. आणि भामा उठून नावाचं सांगणार. दोन्ही गोष्टी दिपिकाच्या फोनात आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत. दुसरीकडे ठेवलं तर कळतं म्हणे त्यांना.

भिंतीवर चढता चढता ती म्हणाली, "काकी, सोमवारपर्यंत कोणालाच सांगू नका. कोणालाच म्हणजे दादाला पण नाही."

मी म्हटलं, बरं.

पण पोटच्या पोराला नाही सांगायचं? हे काय बोलणं झालं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

जीव थाऱ्यावर नाही. भामाच्या घरासमोर आज दिवसभर एक पांढरी गाडी उभी होती. तिच्या मुलाला पनवेलला बोलावून कुंदनने जेवू घातलं. मुलगा येऊन आईला म्हणाला, सोमवारी तू घरात बस. भामा म्हणाली, "मी मुकी हाय का?" पण मागच्या दाराने येऊन मला हे सांगताना आवाज तिचा बसलेला होता.

उरली दिपिका. ती पोर एकटी पडणार. तिचं काही वाकडं झालं तर मी भावोजींना तोंड कसं दाखवू? कमळ्याला कळलंच पाहिजे. त्याचा एक फोन आला की हे सगळे उंदीर बिळात जातील.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास.

आला फोन! दार लावून घेतलं, पंखा मोठा केला, आणि त्याला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. रियाची दांडी, माझ्या आवाजातला निरोप, ह्यांचं नाव, कुंदनने ते कसं दुरुस्त केलं. गोळ्या मी मोरीत टाकते ते पण सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. इतकं शांत ऐकणारा माझा मुलगा! लहानपणी एका जागी बसायचा नाही.

म्हणाला, "आई, तुझ्याकडे याचा पुरावा आहे का?"

किती हुशार. बरोबर मुद्द्यावर आला. मी म्हटलं, आहे रे बाबा. जुना निरोप आहे, माझं खरं बोलणं आहे, दोन्ही आपल्या दिपिकाच्या फोनात. उद्या सभेत लावणार आहे ती. तू फक्त तिला सांभाळ. भामाच्या घरासमोर गाडी उभी असते ती काढायला लाव. कुंदनला परत बोलाव.

"मी बघतो आई," म्हणाला. "तू काळजी करू नको. जेवलीस का?"

म्हटलं, आज उपास रे. शिवरात्र ना.

"वेळेवर जेवत जा," म्हणाला. कामाच्या माणसाला कुठली शिवरात्र आणि काय.

छातीवरचा दगड उतरला. महिनाभरात असं मोकळं वाटलं नव्हतं. दिपिकाला सांगणार नाही, उगाच रागावेल. उद्या सगळं नीट झालं की आपोआप कळेल तिला. आज झोप लागेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चहात साखर घालताना हात थांबला.

काल फोन ठेवताना तो म्हणाला, "बरं आई, जातो मी."

माझा कमळ्या असं म्हणत नाही.

भिंतीवरून दिपिकाला हाक मारली. भावोजी आले. म्हणाले, पहाटेच गाडी आली होती तिला न्यायला. कंपनीचं तातडीचं काम निघालं म्हणे. तेव्हापासून तिचा फोन लागत नाही.

नाव मीच सांगितलं.